वस्तीचं कलापथक: पथनाट्यापासून पाठपुराव्यापर्यंत

पथनाट्य बसवायला दहा-पंधरा दिवस पुरतात. टाळ्याही मिळतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी निवेदन घेऊन ग्रामपंचायतीत कोण जाणार, त्याची पोच कोण जपून ठेवणार आणि पंधरवड्याने "आमच्या अर्जाचं काय झालं?" हे कोण विचारणार, हे ठरलेलं नसेल, तर वस्तीची एक संध्याकाळ मजेत जाते आणि नळ कोरडा तो कोरडाच राहतो. म्हणून इथे नाटक आणि पाठपुरावा एकत्र सांगितला आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चारचौघांत कधी तोंड न उघडलेली माणसं या कामातून ग्रामसभेत उभी राहून बोलायला कशी लागतात, तेही सांगितलं आहे. उदाहरण घेतलं आहे ते नळजोडणी झालेल्या पण पाणी न पोचणाऱ्या गावातल्या वस्तीचं. रेशन, शाळेची गळकी खोली, गटार, रस्त्यावरचे दिवे, कुठल्याही प्रश्नाला रीत हीच.

महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याचे विचार खेडोपाडी नेले ते सत्यशोधकी जलशांनी. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता, तो घेतला आणि आशय बदलला. आंबेडकरी जलशांनी तेच हत्यार आणखी धारदार केलं. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक आणि पुढे स्त्री मुक्ती चळवळीची पथनाट्यं याच वाटेने गेली. अण्णा भाऊंनी स्वतः गिरणीत काम केलं होतं आणि त्यांचा प्रेक्षकही गिरणगावातला होता. बाहेरून आलेल्या चांगल्या नटांपेक्षा वस्तीतले मध्यम नट जास्त कामाचे, असं आमचं ठाम मत आहे ते याचमुळे. प्रयोग संपल्यावर ते तिथेच राहतात.

विषय

विषय एकच घ्या, आणि तो मोजता येईल असा घ्या. "भ्रष्टाचार", "व्यसनमुक्ती", "स्त्रियांवरील अन्याय" हे विषय खरे आहेत, पण पहिल्या नाटकासाठी फार पसरट. त्यांवर नाटक केलं की लोक माना डोलावतात आणि घरी जातात, कारण उद्या नेमकं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. "वरच्या आळीला आठवड्यातून दोनदाच आणि तेही वीस मिनिटं पाणी येतं" हा विषय चालतो.

विषय ठरवण्याआधी गटाने तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत. हे बदलण्याचा अधिकार कुठल्या खुर्चीला आहे? तीन-चार महिन्यांत निदान थोडा तरी फरक पडू शकेल का? आणि हा त्रास गटातल्या किमान निम्म्या लोकांच्या घरात आहे का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं तर विषय सोडून द्या. दुसऱ्याच्या दुःखावरचं नाटक पाचव्या प्रयोगाला थकतं.

माणसं

आठ ते बारा जण हवेत. नाटक पाच-सहा जणांत होतं, पण कुणाची पाळी कारखान्यात रात्रीची लागते, कुणाची परीक्षा येते, कुणाच्या घरी पाहुणे. पाचच जण घेतले तर एक जण गैरहजर राहिला की प्रयोग रद्द. बाराच्या वर गेलात तर तालमीत निम्मे जण मोबाईल बघत बसतात.

निम्म्या तरी बायका आणि मुली असाव्यात. पाण्याच्या प्रश्नावर तर त्याशिवाय नाटक उभंच राहत नाही, कारण हंडा कमरेवर कसा घेतात, रांगेत पाय कधी भरून येतात, नंबर कसा लावतात, हे त्यांनाच ठाऊक. त्यासाठी तालमीची वेळ त्यांना विचारून ठरवा. बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ सोयीची असते. रात्री आठनंतर स्वयंपाक, जेवणं आणि भांडी. मुलींच्या घरी परवानगी मागायला दोघांनी जावं, त्यातली एक वयाने मोठी बाई असावी. तालीम कुठे, किती वाजता सुटणार, घरापर्यंत सोबत कोण, हे आई-वडिलांना आधी सांगावं आणि ती वेळ पाळावी. एकदा जरी अर्धा तास उशीर झाला तरी चार मुली कमी होतात.

गटात एक तरी माणूस असा हवा ज्याला नाटकात रस नाही पण कागदपत्रं नीट लावून ठेवायची सवय आहे. पुढे गट टिकतो तो बहुधा त्याच्यामुळे.

आधी मोजणी

संहितेला हात लावण्याआधी एक आठवडा मोजणी करा. दोघादोघांच्या जोड्या करून पंचवीस-तीस घरं. प्रत्येक घरात चारच प्रश्न: घरात माणसं किती, पाणी कुठल्या वारी किती वाजता आलं, किती मिनिटं टिकलं, किती हंडे भरले. उत्तर आठवणीतून घेऊ नका. दारावर एक कागद चिकटवा आणि घरातल्या शाळकरी मुलाला सात दिवस खुणा करायला सांगा. आठवणीतला आकडा ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) एका वाक्यात उडवून लावतो, तारीखवार खुणांचा कागद तसा उडवता येत नाही.

हंडा किती लिटरचा हेही मोजून घ्या. दुकानदार सांगतो तो आकडा धरू नका. लिटरच्या बाटलीने भरून बघा. समजा तो पंधरा लिटरचा निघाला. जलजीवन मिशनचं प्रमाण ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे अठरा हंडे आणि वर पाच लिटरची एक कळशी. वस्तीत प्रत्यक्ष सहा हंडे मिळत असतील, तर नाटकाचा कणा तुमच्या हातात आला. २७५ हा आकडा ऐकून कुणी हलत नाही. रिंगणात अठरा हंडे ओळीने मांडले, आणि सूत्रधाराने एकेक उचलून बाजूला ठेवत सहाच उरवले, की बायका मागून ओरडून हिशेब पुरा करतात.

याच आठवड्यात टाकी कधी भरते, व्हॉल्व्ह कुठे आहेत, पाणी सोडणारा कोण, कुठल्या नळावर मोटर लावून पाणी खेचलं जातं, हेही बघून घ्या. मोटरीचा विषय नाजूक. बऱ्याचदा वरच्या आळीचं पाणी खालच्या आळीतल्या दहा मोटरी खेचतात आणि दोष मात्र पाणी सोडणाऱ्याला मिळतो. हे नाटकात आलं पाहिजे, पण मोटर कुणाची ते नावाने येता कामा नये.

संहिता

वेळ वीस मिनिटं, पंचविसाच्या वर नाही. लोक उभे असतात, कडेवर पोर असतं, गॅसवर भाजी असते.

पहिली पाच मिनिटं हलगी आणि गाणं. यात माणसं जमतात, म्हणून यात महत्त्वाची माहिती घालू नका. मग तीन प्रसंग. पहिल्यात रोजचं जगणं: पहाटेची रांग, भांडण, शाळेला उशीर झालेली मुलगी. यात हसू यायलाच हवं. दुसऱ्यात कारण: टाकी, व्हॉल्व्ह, मोटर, थकलेली दुरुस्ती. तिसऱ्यात कचेरी. शेवट उघडा ठेवा. गावकऱ्यांची एकजूट होते आणि नळाला धो धो पाणी येतं, असा शेवट केलात की लोकांचा राग तिथेच निवतो आणि चर्चेला काही उरत नाही.

संवाद आधी लिहून पाठ करायला देऊ नका. प्रसंग सांगा, माणसांना आपल्या भाषेत बोलू द्या, एकाने भराभर टिपून घ्यावं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला संवाद बसतात, मग ते चार-पाच पानांत लिहून काढा. असं केलं की बोली तशीच राहते आणि कमी शिकलेल्या बाईला पाठांतराची भीती राहत नाही.

गाण्याला चाल लोकांच्या कानातली घ्या: पोवाडा, भारूड, जात्यावरची ओवी, गौळण. एक ओळ सूत्रधाराने म्हणायची आणि झीलकऱ्यांनी, म्हणजे मागून साथ देणाऱ्यांनी, उचलायची. ओळी छोट्या असाव्यात:

नळ आला दारी, फोटो काढले भारी,
हंडा माझा रिकामा, पाणी कुणाच्या घरी?
जी जी रं जी!

चार कडवी पुष्कळ झाली. "पाणी कुणाच्या घरी?" ही ओळ तिसऱ्या वेळेपासून प्रेक्षक म्हणू लागतात. ते म्हणू लागले की आपला आवाज मुद्दाम खाली घ्या.

दोन चुका हमखास होतात. एक, सरकारी माणूस पोट सुटलेला, पान खाणारा, मूर्ख असा दाखवणं. गर्दीत त्याचा चुलतभाऊ असतो, आणि उद्या त्याच माणसापुढे अर्ज घेऊन उभं राहायचं असतं. त्याला अडचणीत सापडलेला, टोलवाटोलवी करणारा पण माणूस म्हणून दाखवा, प्रसंग जास्त बोचतो. दुसरी चूक, हशा काढण्यासाठी बोबडं बोलणं, लंगडणं, साडी नेसलेला पुरुष, एखाद्या जातीच्या बोलीची नक्कल. हशा मिळतो, पण ज्यांना सोबत घ्यायचं तीच माणसं गुपचूप मागे सरकतात.

तिसऱ्या प्रसंगासाठी ब्राझीलचा रंगकर्मी ऑगस्तो बोआल याने घडवलेलं फोरमचं तंत्र वापरून बघा. कचेरीच्या प्रसंगात बाई हात हलवत परत येते. सूत्रधार नाटक थांबवतो: "हिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? सांगू नका, इथे येऊन करून दाखवा." मग प्रेक्षकांतली एखादी तिच्या जागी उभी राहते आणि प्रसंग पुन्हा सुरू होतो. नियम एवढाच की ग्रामसेवक झालेल्या नटाने लगेच हार मानायची नाही आणि अडूनही बसायचं नाही. समोरून खरंच पटणारा मुद्दा आला तर वाकायचं. पहिला माणूस पुढे यायला मिनिट-दीड मिनिट लागतं. ती शांतता सूत्रधाराला सोसवत नाही आणि तो स्वतःच बोलू लागतो. त्याने मनात साठपर्यंत आकडे मोजावेत. बोआल १९९३ ते १९९६ रिओ दी जानेरोच्या नगरपरिषदेवर निवडून गेलेला सदस्य होता, आणि अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांवरून त्याने कायद्यांचे प्रस्ताव मांडले. लोकांनी रिंगणात शोधलेल्या वाटा खऱ्या कामात येतात, हे त्यातलं घेण्यासारखं. म्हणून प्रत्येक प्रयोगात कोण काय म्हणालं ते वहीत टिपा.

तालीम आणि वाद्यं

दीड-दीड तासाच्या दहा तालमी धरा. पहिल्या दोन फक्त आवाज, चालणं, एकमेकांकडे बघणं. पुढच्या तीन तालमी प्रसंग घडवायला, एक संहिता पक्की करायला, दोन गाण्यासकट सलग. नववी उघड्यावर, जिथे ट्रॅक्टर आणि कुत्री असतील अशा ठिकाणी. दहावी पाच घरांच्या अंगणात, आणि ती पाहून ज्या आजी "काही कळलं नाही" म्हणतील त्यांचं ऐकून काटछाट करा.

माईक घेऊ नका. परवानगी वाढते, वायर पायात येते आणि नट एकाच जागी खिळतो. आवाजाची परीक्षा सोपी आहे: एकाने वीस पावलांवर पाठ करून उभं राहायचं आणि ऐकू आलेलं वाक्य परत म्हणायचं. शब्द गळत असतील तर ओरडायला सांगू नका, वाक्य तोडायला सांगा. उघड्यावर आठ-नऊ शब्दांपुढचं वाक्य पोचत नाही. घशातून ओरडलं तर तिसऱ्या प्रयोगाला घसा बसतो. पोटातून श्वास घ्यायची सवय पहिल्याच तालमीपासून लावा, आणि प्रयोगाआधी बर्फाचा गोळा-सरबत बंद.

रिंगण पंधरा फुटांचं, चुन्याने किंवा दोरीने आखलेलं. आखलं नाही तर लहान मुलं सरकत सरकत ते सहा फुटांवर आणतात. दर दोन वाक्यांनंतर नटाने पाव वळण घ्यायचं, म्हणजे चारही बाजूंना तोंड दिसतं.

हलगी एक, ढोलकी किंवा डफ एक, आणि एक खंजिरी पुरे. हलगीचं कातडं दमट हवेत ढिलं पडून भद आवाज येतो. प्रयोगाआधी दहा मिनिटं पाचोळ्याच्या आगीवर लांबून शेकून घ्या, मध्येमध्ये बोटाने वाजवून बघा. कडक टण आवाज आला की थांबा, जास्त शेकलं तर फाटतं. पावसाळ्यात फायबरच्या पानाची हलगी बरी. या नाटकाला आणखी एक वाद्य फुकट मिळतं: स्टीलचा रिकामा हंडा. पालथा घालून मुठीने वाजवला तर खोल, काठावर अंगठीने वाजवला तर कर्कश. प्लॅस्टिकचा हंडा वाजत नाही.

परवानगी

आठ दिवस आधी पोलीस ठाण्यात साध्या कागदावर अर्ज द्या: गटाचं नाव, विषय, तारीख, जागा, वेळ कुठून कुठपर्यंत, साधारण किती लोक, ध्वनिक्षेपक नाही, दोन जबाबदार व्यक्तींची नावं. दोन प्रती घेऊन जा, एकीवर तारखेसह पोच घ्या. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश चालू आहे का, हे त्याच वेळी विचारा. असेल तर तारीख पुढे ढकला, ओढाताण करू नका. संहितेची प्रत किंवा नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मागितलं गेलं तर काय लागतं ते लेखी मागा. जागा ग्रामपंचायतीची असेल तर तिचं वेगळं पत्र. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी असते, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्रात येऊ शकतो. हलगीलाही तिथे नेऊ नका.

प्रयोग आणि लगेचची चर्चा

जागा अशी बघा की एका बाजूला भिंत असेल, मावळतीचं ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत येणार नाही, आणि बाहेर पडायला दोन वाटा असतील. दारूच्या दुकानासमोरचा चौक गर्दीचा असला तरी टाळा, बायका थांबत नाहीत.

गटातले दोघे नटांत न राहता रिंगणाबाहेर उभे राहावेत. कुणी अडथळा आणला तर त्याच्याशी तेच बोलतील, बाजूला नेऊन. रिंगणातून कुणीही उलट उत्तर द्यायचं नाही. दगड उचलला गेला किंवा टोळकं जमलं तर नाटक तिथेच थांबवायचं, हलगी बंद, बायका-मुलांना आधी वाट. ही काळजी भित्रेपणाची नाही. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळच्या साहिबाबादच्या झंडापूर गावात, निवडणुकीच्या दिवसांत, पथनाट्य चालू असताना पथनाट्यकार सफदर हाश्मी यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. निवडणुकीची आचारसंहिता चालू असताना वस्तीतल्या प्रश्नावरचं नाटकसुद्धा कुणाचं तरी प्रचारनाट्य ठरतं. ते महिने तालमीला आणि मोजणीला ठेवा.

नाटक संपलं की टाळ्या विरण्याआधी सगळ्या नटांनी रिंगणातच खाली बसावं. ते उभे राहिले तर लोक निघतात, बसले तर लोकही टेकतात. चर्चा वीस मिनिटं. पहिला प्रश्न "नाटक कसं वाटलं?" असा नको, त्यावर "छान" एवढंच येतं. "तुमच्याकडे काल किती हंडे भरले?" असं विचारा. सात-आठ आकडे आले की पुढचं: "यातलं आपल्या हातात काय आणि पंचायतीच्या हातात काय?" मोटरीची गोष्ट इथे लोकच काढतात आणि लोकांनी काढलेली पचते.

उठण्याआधी तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत: निवेदनाला जाणारे पाच जण, दिवस आणि वेळ. पाचांतले तीन प्रेक्षकांतले हवेत. सह्या घ्यायच्या त्या मजकूर वाचून दाखवल्यावरच. कोऱ्या कागदावर सह्या घेण्याची सवय एकदा लागली की पुढे तो कागद कशाला जोडला जाईल याचा भरवसा नाही. झोळी फिरवली असेल तर रक्कम तिथेच मोजून मोठ्याने सांगा, वहीत लिहा आणि प्रेक्षकांतल्या दोघांची सही घ्या.

कचेरीची तालीम

आमच्या मते या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे, आणि बहुतेक गट नेमकं हेच वगळतात. नाटकाच्या दहा तालमी होतात आणि कचेरीत मात्र माणसं तयारीविना जातात. साहेब बसायला सांगत नाहीत, आवाज फुटत नाही, कागद पुढे सरकवून सगळे परत येतात.

निवेदनाच्या आदल्या दिवशी त्या पाच जणांना रिंगणात उभं करा. गटातला सगळ्यात हजरजबाबी नट ग्रामसेवक होईल. एक टेबल, एकच खुर्ची, त्यावर तो. पाच जणांची कामं वाटून द्या: एक बोलणारी, एक कागद दाखवणारा, एक लिहून घेणारा, दोघे शांतपणे साक्षीला. बोलणारीची वाक्यं तीनच: "आम्ही वरच्या आळीतून आलो. सात दिवस तीस घरांचं पाणी मोजलं, दिवसाला सरासरी सहा हंडे भरले. वरच्या व्हॉल्व्हची दुरुस्ती कधीपर्यंत होईल, ते लेखी द्या."

मग नटाने एकेक ठरलेली उत्तरं द्यावीत. "साहेब मीटिंगला गेलेत": तर अर्ज आवकमध्ये, म्हणजे आलेले कागद नोंदवतात तिथे, देऊन शिक्का आणि तारखेची पोच घ्यायची. "निधी नाही": तर खर्च किती आहे, अंदाजपत्रक झालंय का, हे विचारायचं. "उद्या या": तर समोरच वहीत लिहायचं, वाचून दाखवायचं, "उद्या अकरा वाजता म्हणालात ना?" "तुम्हाला कुणी पाठवलं?": तर बोलणारीने काहीच न बोलता कागद दाखवणाऱ्याने सह्यांचं पान पुढे करायचं. "तुमच्याच लोकांनी मोटरी लावल्यात": हे सर्वांत अवघड, कारण ते खरं असतं. "हो, लावल्यात, त्या काढायला आम्ही घरोघर जातोय, तुम्ही सोमवारी सोबत या." हे वाक्य दहा वेळा म्हणून घ्या, भांडणाच्या सुरातून साध्या सुरात येईपर्यंत.

तीन वेळा हा प्रसंग केला की हात कापायचे थांबतात. मग भूमिका बदला: बोलणारीला साहेबाच्या खुर्चीत बसवा. तिथून बघितलं की समोरची माणसं एकदम बोलू लागली तर काहीच ऐकू येत नाही, हे तिला आपोआप कळतं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, पत्ता जन माहिती अधिकारी, ग्रामपंचायत. "पाणी का येत नाही?" असं विचारू नका. "गेल्या आर्थिक वर्षात पाणीपुरवठा दुरुस्तीवर झालेल्या खर्चाच्या बिलांच्या प्रती द्याव्यात" असं कागद मागणारं लिहा. उत्तराची मुदत ३० दिवस.

सोबत ग्रामसभेची तयारी. बहुतेक गावांत ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होते. विषय आधीच लेखी देऊन विषयपत्रिकेत घालून घ्या, "ऐनवेळचे विषय" यात ढकलला गेला तर तोवर निम्मे लोक उठलेले असतात. गणसंख्या, म्हणजे सभेला किमान हजर लागणारी माणसं, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. ग्रामसभेआधी महिला सभा होते. बोलणारीने पहिल्यांदा तिथे बोलावं आणि ठराव तिथूनच पुढे न्यावा. ठराव झाला की तो इतिवृत्तात लिहिलेला वाचून दाखवायला सांगा आणि प्रत मागा.

सावलीची रीत

गटातली सहा कामं वेगळी काढा: संहिता, गाणं-वाद्यं, प्रयोगाची व्यवस्था, कागदपत्रं, चर्चा चालवणं, हिशेब. प्रत्येक कामाला एक करणारा आणि एक सावली. सावलीने तीन प्रयोग फक्त सोबत राहायचं, चौथ्याला काम तिने करायचं, आणि आधीच्याने रिंगणाबाहेर बसून गप्प राहायचं. ही गप्प राहण्याची अट सर्वांत जास्त मोडते. चांगला सूत्रधार नवीन मुलीचं वाक्य अडखळलं की लगेच पुरवतो. हेतू चांगला असतो, पण ती पुढच्या वेळी त्याच्याकडे बघूनच बोलते. अडखळू द्या. वीस सेकंदांत ती स्वतः मार्ग काढते.

जिची जीभ अडकते तिला आधी हातात खंजिरी द्या. हाताला काम असलं की आवाज मोकळा होतो. मग प्रयोगाआधीची तीन वाक्यांची घोषणा, मग चर्चेतला एकच प्रश्न, मग महिला सभा. याला चार-सहा महिने लागतात, घाई करू नका. जो फार बोलतो त्याला महिनाभर टिपणं घ्यायला बसवा. चर्चेत प्रत्येकाचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायचं म्हटलं की ऐकावंच लागतं.

चहा करणं, सतरंजी घालणं, झाडणं ही कामंही त्याच वहीत नावानिशी लिहा. लिहिली नाहीत तर महिन्याभरात ती मुलींकडे आणि ठरावीक घरांतल्या मुलांकडे गेलेली दिसतील, आणि समतेवरच्या गाण्याला काही अर्थ राहणार नाही.

प्रयोगानंतर पंधरा मिनिटं सगळ्यांनी गोल बसायचं. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या: आज माझं काय चुकलं, आणि दुसऱ्या कुणाचं काय चांगलं झालं. दुसऱ्याच्या चुका त्या रात्री काढायच्या नाहीत, त्या पुढच्या तालमीत.

दहा-बारा प्रयोग झाले की एखादा चेहरा गावात ओळखीचा होतो. मग त्याला व्यासपीठावर बोलावणी येतात, सत्कार होतात, निवडणुकीत कुणीतरी पॅनेलमध्ये घ्यायला बघतं. त्याने निवडणूक लढवू नये असं नाही. पंचायतीत आपला माणूस असणं चांगलंच. पण ज्या दिवशी तो अर्ज भरतो त्या दिवसापासून गटाचा हिशेब, कागदपत्रं आणि सूत्रधारकी दुसऱ्याकडे गेली पाहिजे, आणि गटाची हलगी त्याच्या प्रचारात वाजता कामा नये. हा नियम पहिल्याच महिन्यात, कुणाचंही नाव समोर नसताना, वहीच्या पहिल्या पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नंतर लिहायला गेलात तर तो एका माणसाविरुद्ध वाटतो.

व्हॉल्व्ह दुरुस्त झाला तर पेढे वाटून थांबू नका. महिन्याने तेच तीस दरवाजे, तोच खुणांचा कागद, सात दिवस. नवी मोजणी सावल्यांनी करायची. हंडे सहावरून अकरा झाले असतील तर त्याच चौकात तेवढाच एक प्रसंग पुन्हा करा: अठरा हंडे ओळीने, त्यातले अकरा उभे आणि सात पालथे. पालथ्या हंड्यांवर ठेका धरायला या वेळी पुढच्या रांगेत बसणाऱ्या मुलांना बोलवा.